इन्फिनिटीचं फूट पेडल : माल चांगला, पण पैसे कोणी द्यायचे?

आधी निकाल: पेडल घ्या. ज्यांना एवढंच विचारायचं होतं त्यांचं काम इथेच झालं. बाकीच्यांसाठी पुढे लिहून राहिले, कारण वस्तूबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, पण ती ज्या कामासाठी घ्यावी लागते त्या कामाबद्दल पुष्कळ आहे.

वस्तू अशी. इन्फिनिटीचं यूएसबी फूट पेडल, ऑडिओ ऐकत टाईप करणाऱ्यांसाठी, काळ्या रंगाचं, टेबलाखाली जमिनीवर ठेवायचं. मधली रुंद पट्टी दाबली की ऑडिओ चालू, पाय उचलला की बंद. डावीकडची अरुंद पट्टी मागे नेते, उजवीकडची पुढे. बस, एवढंच यंत्र. मला पाच हजारांच्या थोडं वर पडलं. सासूबाईंनी ते खोक्यातून निघताना पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा! एवढ्यात तर पायाची शिलाई मशीन येते." जुनी येते, खरं आहे.

मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करते. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की फोनवर नाहीतर ॲपवर बोलतो. तो ऑडिओ आमच्याकडे येतो आणि आम्ही त्याचा रिपोर्ट करतो: डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची नोट, कन्सल्ट, क्लिनिकची नोट. बी.एस्सी. झाल्यावर क्लास केला आणि परसोडीच्या आयटी पार्ककडे एका ऑफिसात लागले. नाव लिहीत नाही. करारात तशी अट आहे, आणि पैसे अजून तिथूनच येतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर सीपीयू ऑटोत घालून त्रिमूर्ती नगरच्या घरी आणला, तो परत गेलाच नाही. आता मागची खोली हेच ऑफिस.

ऑफिसात पेडल ऑफिसचं असायचं. स्वस्तातलं, बिननावाचं. त्याची मधली पट्टी दाबली की कधी कधी अडकूनच बसायची, मग डॉक्टर बोलतच सुटायचे आणि आपण खाली वाकून पट्टी उपटायची. घरी आल्यावर तेही नाही. "वर्क फ्रॉम होममध्ये ॲक्सेसरीज तुमच्या तुम्ही आणायच्या," असा मेल आला. हेडफोन, पेडल, इन्व्हर्टर, इंटरनेट हे सगळं ॲक्सेसरीज. खुर्चीसुद्धा. काही महिने मी पेडलशिवाय काढले, नुसत्या कीबोर्डवर. एक्सप्रेस स्क्राइब या ऑडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-९ ने ऑडिओ चालू होतो, एफ-४ ने थांबतो, तेवढ्यावर काम निघतं. पण दर वेळी बोटं अक्षरांवरून उचलून वर न्यायची, परत आणायची. टायपिंगची लय तुटते ती तिथेच. मग एका दिवाळीत मनाचा हिय्या करून हे पेडल घेतलं.

फरक पहिल्याच शिफ्टला कळला. हात कीबोर्डवरून हलतच नाहीत. ड्रायव्हर टाकायची भानगड नव्हती. यूएसबीला लावलं, सॉफ्टवेअरमध्ये पेडल सेटअप चालवला, झालं. खरी गंमत बॅकस्टेपची आहे. पाय उचलून पुन्हा ठेवला की ऑडिओ थांबला तिथून नाही, एखादा-दीड सेकंद आधीपासून सुरू होतो. ही सेटिंग सॉफ्टवेअरची, पेडलची नाही. पण पेडलशिवाय तिचं सुख कळत नाही. डॉक्टरचा शब्द तुटत नाही. वेग ऐंशी टक्क्यांवर आणून ठेवला तरी आवाज जाडा होत नाही. काही डॉक्टर जेवता जेवता डिक्टेट करतात, काही गाडी चालवताना. एकांच्या मागे तर कायम कोणाचा तरी मॉनिटर वाजत असतो. अशा फाईलींत माझा पाय डाव्या पट्टीवरच असतो.

आणि मागे जावंच लागतं, ती हौस नाही. हायड्रॅलाझिन ब्लडप्रेशरचं औषध, हायड्रॉक्सिझिन खाजेचं आणि ॲलर्जीचं. दोन्हींची सुरुवात ऐकायला सारखी, आणि डॉक्टर शेवट गिळून टाकतो. इलियम आतड्याचाही असतो आणि कमरेच्या हाडाचाही; इंग्रजीत एका अक्षराचा फरक, कानाला तोही नाही. हायपर की हायपो, उजवा गुडघा की डावा, "नो फीवर" की नुसतं "फीवर". इथे चुकलं तर समोर जिवंत माणूस आहे. ही चूक क्यूएवाले, म्हणजे आमचे रिपोर्ट तपासणारे, क्रिटिकल धरतात, आणि बरोबर करतात. त्याबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही.

आता नागपूरकरांसाठी खास. मेमध्ये पारा पंचेचाळीसला गेला की कूलरशिवाय बसता येत नाही, आणि कूलर लावला की त्याचा पंखा आणि पाण्याची खळखळ डॉक्टरच्या आवाजावर बसते. पूर्ण कान झाकणारा हेडफोन घ्या, त्यात काटकसर करू नका. पेडल कूलरच्या बाजूला ठेवू नका, तिकडच्या फरशीवर ओल येतेच. पेडलला खाली रबर आहे, तरी आमच्या गुळगुळीत टाइल्सवर दिवसभराच्या दाबानं ते हळूहळू पुढे सरकतं. सीताबर्डीहून रबरी मॅटचा तुकडा आणून खाली टाकला, तेव्हापासून जागचं हललं नाही. चप्पल काढून अनवाणी पायानं वापरा, पट्टी नीट कळते. डिसेंबरात मोजे. एकाच पायावर भार टाकला तर रात्री पोटरी धरते, म्हणून मधूनमधून डावा-उजवा बदलायची सवय लावून घ्या. दुसऱ्या पायाला आठवडाभर काही सुधरत नाही, मग सुधरतं.

उणिवा म्हणाल तर वायर आहे, आणि झाडू मारताना ती दर वेळी निघते. उजवी पट्टी मी जवळपास वापरतच नाही. डॉक्टरच्या पुढे कोण जातं? मोठी अडचण वेगळीच, तीत पेडलचा दोष नाही. आमच्या ऑफिसनं मध्यंतरी सगळ्यांना व्हर्च्युअल डेस्कटॉपवर नेलं, म्हणजे काम कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, आपल्या स्क्रीनवर नुसतं दिसतं. पेशंटची माहिती आमच्या घरच्या मशीनवर राहू नये म्हणून. अमेरिकेत १९९६ पासून हिपा नावाचा कायदा आहे, पेशंटच्या माहितीबाबत तो कडक आहे, तेव्हा कारण रास्तच. पण त्या आतल्या डेस्कटॉपला बाहेरचं यूएसबी दिसेना. माझं पाच हजारांचं पेडल टेबलाखाली नुसतं पडून. सपोर्टला तिकीट टाकलं, उत्तर आलं: "कृपया हॉटकीज वापरा." म्हणजे परत कीबोर्डवरचं तेच एफ-९, एफ-४. पुढे त्यांनी काही तरी सेटिंग बदलली आणि पेडल दिसू लागलं. तोवर वेग पडला त्याचे पैसे माझ्याच खिशातून गेले.

माझ्याच खिशातून काहून, तर आम्हाला पगार नाही, ओळीचे पैसे आहेत. या धंद्यात ओळ म्हणजे ६५ अक्षरं. कागदावर ओळ कुठे का तुटेना. रिपोर्टची एकूण अक्षरं मोजायची आणि ६५ ने भागायचं. मी लागले तेव्हा मोकळ्या जागाही मोजत. गेल्या करारात त्या काढून टाकल्या: आता फक्त डोळ्याला दिसणारी अक्षरं. ही पद्धत मुळात वाईट नाही. अमेरिकेतल्या संघटनांनी ती सुचवली ती कोणालाही छापील रिपोर्ट घेऊन मोजून पाहता यावं म्हणून. पण मोजमाप बदललं तर दर वाढवायला पाहिजे ना? इंग्रजी मजकुरात ढोबळमानानं दर सहावं अक्षर मोकळी जागा असते. म्हणजे आधी २० ओळी भरायच्या तो रिपोर्ट आता १७ च्या आतच आटोपतो. दर तोच. स्पेसबार मात्र अंगठ्यानं तितक्याच वेळा दाबावा लागतो.

हे झालं टायपिंगचं. पण टायपिंग उरलंय किती? बहुतेक फाईली आता मशीननं आधीच लिहून आलेल्या असतात. डॉक्टर बोलतो, सॉफ्टवेअर त्याचा कच्चा मजकूर करतं, आम्ही तो ऑडिओ ऐकत दुरुस्त करायचा. याला एडिटिंग म्हणतात, आणि त्याचा दर टायपिंगच्या निम्म्याहून कमी. माझा सांगते: टायपिंगला ओळीला ९० पैसे, एडिटिंगला ४०.

एडिटिंगचा दर एवढा कमी काहून, असं मी टीम लीडला विचारलं होतं. चांगला मुलगा आहे, माझ्याहून लहान. म्हणाला, "ताई, सिस्टिम टाईप करूनच देते ना. तुम्हाला फक्त ऐकायचं आहे."

फक्त ऐकायचं. घ्या, हिशोबच मांडते. साध्या, स्वच्छ बोलणाऱ्या डॉक्टरचा एक मिनिटाचा ऑडिओ म्हणजे माझ्याकडे साधारण १० ओळी. टाईप करायला मला चार मिनिटं लागतात. तासाला १५ मिनिटांचा ऑडिओ, १५० ओळी, १३५ रुपये. आता एडिटिंग. कंपनी म्हणते मिनिटाचा ऑडिओ दोन मिनिटांत होतो. धरलं. तासाला ३० मिनिटांचा ऑडिओ, ३०० ओळी, १२० रुपये. म्हणजे त्यांचंच म्हणणं खरं मानलं तरी तासाला १५ रुपये गेले. आणि ते खरं कधी होतं? डॉक्टर टीव्हीवरच्या बातम्यांसारखा बोलला तर. नाहीतर मशीन "नो" खाऊन टाकतं, औषधाचं नाव भलतंच लिहितं, एका परिच्छेदातलं दुसऱ्यात घालतं, आणि सगळं इतक्या सुबक इंग्रजीत की डोळा फसतो. डोळ्यानं एक वाचायचं, कानानं दुसरं ऐकायचं, आणि फरक धरायचा. अशा फाईलीला मिनिटामागे तीन मिनिटं लागतात: २०० ओळी, ८० रुपये. उच्चार अवघड असलेला डॉक्टर आला तर चार: १५० ओळी, ६० रुपये. मेहनत टायपिंगइतकीच, मोबदला निम्म्याहून कमी. मुळात कितीही झालं तरी एक मिनिटाचं बोलणं ऐकायला एक मिनिट जातंच. ते कोणत्याही मशीननं कमी केलेलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडे दुसऱ्या कोणी बिघडवलेला ब्लाउज नेला तर त्या नव्या शिलाईपेक्षा जास्त घेतात. "उसवायला वेळ लागतो, शिवायला नाही," म्हणतात, आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं देतं. दुसऱ्याचं बिघडलेलं उसवून पुन्हा शिवण्याला कमी पैसे, हा हिशोब त्रिमूर्ती नगरात चालत नाही. फक्त आमच्या धंद्यात चालतो.

धंद्यात पैसा नाही असं कोणी म्हणू नये. आमच्या क्षेत्रातली बोलण्याचा मजकूर करणारी सगळ्यात मोठी कंपनी न्युआन्स. ती मायक्रोसॉफ्टनं घेतली, व्यवहार मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाला, किंमत जवळपास २० अब्ज डॉलर. आता तर डॉक्टरला वेगळं डिक्टेटही करावं लागत नाही. पेशंटशी चाललेलं बोलणं ऐकून नोट तयार करणारी सॉफ्टवेअरं आली. उद्या माझं काम राहील की नाही, कोणास ठाऊक. पण आज त्या मशीनचं लिहिलेलं तपासायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचं काम आधीपेक्षा सोपं झालेलं नाही.

बाकीच्या कटकटी भराभर सांगते. मिनिटाच्या ऑडिओत अर्धी खरखर असली तरी न कळलेल्या शब्दाची जागा ब्लँक सोडली की क्यूएचे गुण कापतात. आणि त्या खरखरीत काय होतं ते क्यूएलाही ऐकू आलेलं नसतं! गुण ९८.५ टक्क्यांच्या खाली गेले तर त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. कॉमाचाही गुण आणि चुकीच्या डोसचाही गुण, फक्त आकडा वेगळा. मी स्वतः तयार केलेले शॉर्टकट वापरून वाचवलेला वेळ माझा, पण कंपनीच्या टेम्प्लेटमधून आलेला मजकूर ओळींत धरत नाहीत. त्यातला फेरफार मात्र आम्हीच करायचा. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे जातात तशी शिफ्ट तासानं पुढे सरकते, मार्चमध्ये परत. थँक्सगिव्हिंगला फाईलीच नाहीत, स्क्रीनवर "नो जॉब्स", मग दिवस फुकट, कारण ओळ नाही तर पैसे नाहीत. आपल्या दिवाळीत मात्र तिकडचे दवाखाने जोरात चालू, तेव्हा "व्हॉल्यूम हाय आहे, सुटी देता येणार नाही." मी लागले तेव्हा रात्रपाळी करून सकाळी आयटी पार्ककडे तर्री पोह्याची प्लेट १० रुपयांत यायची. ती आता कुठे गेली बघा. टायपिंगचा रेट मात्र जागचा हलला नाही.

कायद्याचं एक सांगते, कारण आम्हा ट्रान्सक्रिप्शनवाल्यांच्या ग्रुपवर नेहमी विचारतात. नगावर पैसे देणं बेकायदा नाही. पण १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच कलम १७ होतं, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती गोष्ट राहिली: काम नगावर दिलं तरी, जिथे किमान वेतनाचा दर वेळेच्या हिशोबानं (तासाचा, दिवसाचा) ठरलेला आहे तिथे त्याच्या खाली पैसे देता येत नाहीत. ओळी कमी पडल्या हे कारण चालत नाही. मेख अशी की हे कर्मचाऱ्याला. घरून काम सुरू झाल्यावर आमच्या हाती जो करार दिला त्यावर "कन्सल्टंट" लिहिलंय. पीएफ नाही, ईएसआयसी नाही, भरपगारी रजा नाही. टीडीएस मात्र कापतात. शिफ्ट त्यांची, टार्गेट त्यांचं, सुटी त्यांना विचारून, लॉगिनला दहा मिनिटं उशीर झाला की फोन त्यांचा, आणि मी म्हणे स्वतंत्र कन्सल्टंट. करारावर काय लिहिलंय एवढ्यावरच हे ठरत नसतं. काम कोण कसं करून घेतं तेही पाहतात. म्हणून शिफ्टचे मेल, रजेचे नकार, लॉगिनचे मेसेज सांभाळून ठेवा, डिलीट करू नका. सही करण्याआधी करार लेबरचं काम बघणाऱ्या एखाद्या वकिलाला दाखवा. एका भेटीची फी जाते, पण हे पेडल घेण्याआधी ती घालवा.

माझं मागणं फार मोठं नाही. ज्या फाईलीत मशीनचा निम्म्याहून जास्त मजकूर बदलावा लागला ती टायपिंगच्या दरानं धरा. किती बदललं हे सिस्टिमला कळतं, फाईल कधी उघडली आणि कधी सबमिट झाली याचीही नोंद पडते. वेगळं काही मोजायला नको. नाहीतर अवघड डॉक्टरांच्या फाईली ऑडिओच्या मिनिटावर द्या. आणि मोकळ्या जागा काढल्या त्याच्या बदल्यात दर वाढवा. कोणाला वाटेल, अमेरिकेचं गिऱ्हाईकच पैसे कमी देऊन राहिलं, तर कंपनी कुठून देणार? असेलही. मग तो आकडा आम्हाला दाखवा.

आता पेडलचं उरलेलं. पाचपैकी साडेचार. अर्धा वायरचा आणि किमतीचा कापला. नवीन मुलींना सांगते: महिन्याभरात सोडून द्यायचा विचार असेल तर घेऊ नका, हॉटकीजवर निभेल. राहायचंच असेल तर बिननावाचं स्वस्त घेऊन परत हे घेण्यापेक्षा एकदाच घ्या. कोणाकडून जुनं मिळालं तर मधली पट्टी दाबून बघा, सोडल्याबरोबर वर यायला पाहिजे. हळूहळू आली तर घेऊ नका. आणि घेण्याआधी कंपनीला दोन प्रश्नांचा मेल टाका: तुमच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये यूएसबी पेडल चालतं का, आणि बिल कोण भरणार. उत्तर फोनवर घेऊ नका, लेखी मागा.

मी बिल स्कॅन करून पाठवलं होतं. उत्तर आलं: "नोटेड." त्याच मेलला आता वरचा एडिटिंगचा हिशोब जोडून पुन्हा पाठवलाय, डॉक्टरांची नावं काढून, तीन फाईलींच्या वेळेसकट. ग्रुपमधल्या इतर जणीही आपापला हिशोब मांडून राहिल्या. महिनाअखेरीपर्यंत सगळ्यांचे एकाच दिवशी जातील.